तिकांडं कुठं आलं?

आमच्या प्रशालेत मी पोषण आहार शिजवते. चूल, मोठं पातेलं, उलथनं आणि मुलांची ताटं, एवढंच माझं काम. पण वर्षातून एकदा, डिसेंबरात, मला चूल सोडून जावं लागतं. मुलींची सहल निघाली की बरोबर बाईमाणूस लागतं. शाळेत शिक्षिका दोनच, त्यातल्या एकीचं मूल लहान होतं. म्हणून पहिल्या वर्षी हेडसर म्हणाले, "मावशी, तुम्ही चला." तेव्हापासून अकरा सहली झाल्या. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं आणि चारचौघांत बोलायची सवय नाही. वहीत लिहायला मात्र मला भीती वाटत नाही.

सहलीच्या बाईची पिशवी वेगळी असते. तीत लिंबं, आवळासुपारी, जुनी वर्तमानपत्रं, सुईदोरा, पिना, मुलींना अचानक लागणारं सामान आणि चुलीतली राख. बस उमरग्याच्या पुढं गेली की उलट्या सुरू होतात. राख टाकून कागदानं उचललं की वास राहत नाही. हे मला कुणी शिकवलं नाही. राख माझ्याच चुलीतली असते, तेव्हा सुचलं.

दुसरं काम मोजण्याचं. मुली बसवून मोजाव्या. उभ्या मोजल्या तर दर वेळी वेगळा आकडा येतो. एका वर्षी चाळिसाच्या एकेचाळीस झाल्या. पुन्हा मोजल्या, तरी एकेचाळीस. भलत्याच शाळेची एक मुलगी आमच्या रांगेत बसून निवांत जेवत होती. विचारलं तर म्हणाली, "तुमच्याकडं धपाटे हायत. आमच्याकडं नुसता भात हाय."

आम्हाला हैदराबाद जवळ पडतं. नळदुर्गावरून सरळ हमरस्ता. त्यामुळं दर एक-दोन वर्षांनी सहल तिकडंच जाते आणि विज्ञानाच्या मॅडम असल्या की तारांगण ठरलेलं. आमचे ड्रायव्हर दर वेळी तेच म्हणतात, "आभाळ बघायला हैदराबाद? गाडीच्या टपावर झोपा की मावशी, फुकटात दावतो."

तारांगण म्हणजे गोल घुमटाची मोठी खोली. खुर्च्या मागं रेललेल्या असतात, म्हणजे बसलं की तोंड आपोआप वर होतं. मधोमध यंत्र असतं. दिवे हळूहळू मालवतात आणि घुमटावर चांदण्या उमटतात. हे मला मुलींच्या सांगण्यावरून माहीत होतं. मी स्वतः कधी आत गेले नव्हते. सहलीची बाई बाहेर दप्तरं आणि डबे राखत बसते. आतल्या गोष्टी मला बाहेर कळायच्या. हेडसर दर वेळी दिवे गेल्यावर पाच मिनिटांत झोपतात हेही मला तसंच कळलं. एका वर्षी मुलींना वाटलं, घोरण्याचा आवाज खेळातलाच आहे, ढगांचा.

ज्या सहलीबद्दल लिहायचं आहे ती आठवीच्या मुलींची. त्या वर्षी डबे बसमध्येच ठेवले होते आणि एक मुलगी तापामुळं आली नव्हती. मॅडम म्हणाल्या, "मावशी, एक तिकीट उरलंय. चला आत." मी नको म्हणत होते. त्यांनी हात धरून नेलं आणि रांगेच्या टोकाला अंकिताशेजारी बसवलं.

अंकिताचं घर मेंढरं राखणारं. त्यांची वस्ती फाट्यापासून अर्ध्या तासाच्या चालीवर. आभाळाच्या बाबतीत ती वर्गात सगळ्यांच्या पुढं होती. मॅडमनी सप्तर्षी शिकवायला घेतले तर ही उभी राहून म्हणाली, "आमच्यात त्याला म्हातारीची बाज म्हणत्यात. चार खूर आन् तीन चोर." मृग नक्षत्रातल्या तीन ओळीनं असलेल्या चांदण्यांना इकडं तिकांडं म्हणतात. तिचा अज्जा, म्हणजे आजोबा, रोज जेवणं झाली की खाटेवर पडून विचारायचा, "तिकांडं कुठं आलं गं?" आणि ही अंगणातून सांगायची. अज्जाच्या डोळ्यांत मोतीबिंदू. मेंढरं राखण्यात त्यांचा जन्म गेला, घड्याळ त्यांनी कधी वापरलं नाही. तिनं तिकांडं सांगितलं की रात्र किती झाली ते कळून ते पांघरूण ओढायचे. मॅडम कौतुकानं म्हणायच्या, "आभाळाची परीक्षा घेतली तर अंकिता पहिली."

खुर्चीत बसल्याबसल्या तिनं मला विचारलं, "मावशी, पूर्व कुणीकडं?"

कडेला दिशांची अक्षरं होती. मी मॅडमना विचारून तिला दाखवलं. तिनं मान वळवून नीट पाहून घेतलं.

दिवे गेले. मला खरंच गरगरलं. इतक्या चांदण्या मी आमच्या माळावरही लहानपणीच पाहिलेल्या. हिंदीत माहिती सांगणारा माणूस म्हणाला की हे आज संध्याकाळी आठ वाजताचं आभाळ. मग त्यानं विचारलं, "मृग नक्षत्र कहाँ है, कौन बताएगा?"

अंकिता लगेच ओरडली, "पूरब में, नीचे!"

"शाबाश!" तो म्हणाला. आमच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या.

मग तो म्हणाला, आता रात्र पुढं सरकवतो. यंत्राची घरघर झाली, सनईसारखं काहीतरी वाजलं आणि सगळं आभाळ आमच्या डोक्यावरून सरकत गेलं. मी खुर्चीचा हात घट्ट धरला. किती वाजले ते त्यानं सांगितलं नाही. थांबवून पुन्हा विचारलं, "अब कहाँ है?"

मला दिसत होतं. तिकांडं मावळतीला अगदी खाली टेकलं होतं. मुली उत्तर न देता थांबल्या होत्या, कारण हा मान अंकिताचा. ती थोडं थांबून म्हणाली, "ऊपर. डोक्यावर."

मुली खदखदून हसल्या. "अगं तिकडं बघ की, समोर हाय! बुडालं की ते!"

"व्हय व्हय, दिसलं," अंकिता म्हणाली.

मी शेजारी होते. चांदण्यांच्या अंधुक उजेडात मला तिचा चेहरा दिसत होता. ती पूर्वेकडं बघत "दिसलं" म्हणाली होती.

बाहेर पडताना उजेड अजून कमी होता. तिनं माझ्या पदराचं टोक धरलं. तेरा वर्षांची मुलगी, पण तीन वर्षांच्या लेकरासारखं धरलं होतं. दारातून ऊन लागलं तसं सोडलं आणि पुढं पळाली.

तिथून आम्ही निजामाच्या काळातली जुनी वेधशाळा बघायला गेलो. मॅडमनी आधी पत्र पाठवून परवानगी घेतली होती. तारांगणातलं आभाळ यंत्राचं. वेधशाळेत खरं आभाळ बघून त्याची नोंद ठेवायचे. जाड भिंती, वर घुमट आणि घुमटाला उभी फट. फट उघडायची, दुर्बीण तिच्यातून बाहेर रोखायची. मॅडम म्हणाल्या, इथं पूर्वी काचेच्या पाट्यांवर आभाळाचे फोटो काढायचे आणि माणसं त्यावरच्या चांदण्या एकेक करून मोजायची. मला तो धंदा ओळखीचा वाटला. हलणाऱ्या गोष्टी मोजायच्या तर आधी त्या बसवाव्या लागतात.

माहिती द्यायला तिथले एक म्हातारे कर्मचारी होते. मुली दुर्बिणीला हात लावायला लागल्या की ते म्हणायचे, "नक्को अम्मा, नक्को. मेरे दादा की उमर की है." त्यांनी अंगणात एक लहान दुर्बीण मांडली, तिचं तोंड सूर्याकडं केलं आणि खालच्या बाजूला पांढरा कागद धरला. "सूरज कू सीधा देखनेका नै. आँख जाती. कागज पे देखो. दिन का तारा येइच है."

कागदावर वाटीएवढा पिवळसर गोल उमटला. त्यावर काळे ठिपके होते. ते सूर्यावरचे डाग, असं ते म्हणाले. मुलींनी मोजले. कुणी दोन म्हणालं, कुणी तीन. मला दोनच दिसले.

अंकिता वाकून म्हणाली, "पाच हायत. तीन मोठे, आन् कडेला दोन बारीक."

"दो बारीक? मेरेकू तो एकच दिखता." म्हाताऱ्यांनी चष्मा वर केला, कागदाशी नाक नेलं आणि हसले. "है है, दो है. क्या नजर है बेटी!"

मुली पुन्हा टाळ्या वाजवायला लागल्या. माझं मात्र तिकडं लक्ष नव्हतं. उन्हात हिची नजर सगळ्यांपेक्षा तेज आणि अंधारात हिला काहीच दिसत नाही, हे मला तेव्हा समजलं.

दुपारी बागेत डबे सोडले. वाढता वाढता मी तिला बाजूला घेतलं.

"आत तुला काय दिसलं, खरं सांग."

"चांदण्या."

"किती?"

"लई."

"अंकिता, मी शेजारी बसले होते."

ती धपाट्याचा तुकडा मोडत राहिली. मग खाली बघूनच म्हणाली, "कायच न्हाय दिसलं. कधीच न्हाय दिसलं मावशी. चांद मोठा असला तर दिसतो. चांदणी कशी असती ते मला पुस्तकातल्या चित्रावरनं ठाव हाय."

"मग अज्जाला रोज सांगतेस ते?"

"पाठ हाय. लहान हुते तवा अज्जाच सांगायचा. दिवाळीला जेवणं झाली की उगवतीला. संक्रांतीला तेवढ्याच वेळाला डोक्यावर. शिमग्याला मावळतीकडं. हिशेब हाय नुसता. हितं त्या माणसानं किती वाजले ते सांगितलंच न्हाय, म्हणून चुकले."

"घरी माहीत नाही?"

"आई म्हणती, पोरगी अंधाराला भिती. म्या तसंच म्हणू देती." मग तिनं माझा हात धरला. "पप्पाला सांगू नका. दहावीपतुर शिकू देणार हायत. हे कळलं की म्हणतील, आंधळी पोर फाट्यावरनं कशी यायची, बस घरी. माझी शपथ हाय मावशी."

मी शपथ मोडली नाही, ही माझी चूक झाली.

त्याची कारणं मी स्वतःला पुष्कळ दिली. आपण खिचडी शिजवणारे, मुलींच्या घरच्या गोष्टी आपण कोण बोलणार. खरं कारण हे की तिच्या बापासमोर उभं राहून बोलायचं मला जमणार नव्हतं. आणि दुसरं, मला वाटलं औषध माझ्याच हातात आहे. रातांधळेपणाला पालेभाजी चांगली, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. सहलीहून आल्यावर मी शेवग्याचा पाला आणायला लागले. माझ्या परसात झाड आहे. पाल्याची भाजी करायची, गाजर किसायचं आणि अंकिताच्या ताटात दुप्पट घालायचं. ती कुरकुरायची, "मावशी, म्या काय शेळी हाय का? नुसता पालाच खाऊ?" मी म्हणायचे, खा गुमान. दर आठ दिवसांनी हळूच विचारायचे, "दिसायला लागलं का?" ती मान हलवायची. मी म्हणायचे, दिसेल, वेळ लागतो. महिनाभर हे चाललं. मला फार बरं वाटत होतं. कुणाशी बोलावं लागत नव्हतं आणि काम होत होतं.

जानेवारीच्या शेवटी स्नेहसंमेलनाची तालीम सुरू झाली. मुली सुटेपर्यंत दिवस मावळायचा. अंकिता रोज शेजारच्या वस्तीवरच्या मैत्रिणीची ओढणी धरून घरी जायची. एक दिवस मैत्रीण आली नाही. अंकिता फाट्यावरून एकटी निघाली. रस्ता तिला पाठ होता. कुठं दगड, कुठं बाभळ, कुठं वळण, सगळं. पण त्याच दिवशी कुणीतरी पाइपलाइनसाठी रस्त्यात आडवी चारी खणली होती. ती सरळ तिच्यात गेली. डावा हात मनगटात मोडला, कपाळाला चार टाके पडले. तिला मेंढरांमागून येणाऱ्या बापानंच उचललं.

मला दुसऱ्या दिवशी शाळेत कळलं. त्या दिवशी माझी खिचडी खाली लागली. एवढ्या वर्षांत कधी लागली नव्हती.

शाळा सुटल्यावर मी वस्तीवर गेले. अंकिता आत निजली होती. बाप अंगणात दोर वळत होता, अज्जा खाटेवर होते. आईनं पाणी दिलं. मी पाणी प्यायले, पुन्हा मागितलं, तेही प्यायले. मग खाली बघून सगळं सांगितलं. तारांगणातलं, कागदावरचे पाच ठिपके, बागेतलं बोलणं. आतून अंकिताचं रडणं ऐकू आलं, पण आता मी थांबले नाही.

बापानं हातातला दोर खाली ठेवला. मग म्हणाला, "हे तुम्हाला डिसेंबरात कळलं."

"व्हय."

"मग आतापतुर काय केलंत मावशी?"

"शेवगा घातला," मी म्हणाले. दुसरं काही सांगण्यासारखं नव्हतं.

तो मला काही वाईट बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. अज्जा मात्र खाटेवर उठून बसले होते. ते आपल्याशीच म्हणत होते, "मी पोरीला रोज तेच इचारत हुतो. एकदाबी चुकली न्हाय. एकदाबी न्हाय."

सोलापूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरनी तपासलं. त्यांनी सांगितलं की हे खाण्यापिण्यानं आलेलं नाही, जन्माचं आहे, डोळ्याच्या पडद्याचं. यावर औषध नाही. दिवसा दिसेल, पण दर वर्षी तपासायला आणा आणि अंधारात एकटी सोडू नका. म्हणजे माझ्या शेवग्यानं वर्षभरातही काही झालं नसतं. आणि मी डिसेंबरात बोलले असते तरी डोळे सुधारले नसते. हात मात्र मोडला नसता.

पुढच्या सोमवारी मी भाजी चिरत असताना शिपाई सांगत आला, अंकिताचे पप्पा दाखला काढायला आलेत. मी विळी तशीच ठेवली. हेडसरांच्या खोलीत मी बोलावल्याशिवाय कधी गेलेली नाही. त्या दिवशी गेले, हाताला कांदा लागलेला तसाच.

अंकिताचा बाप सांगत होता, "डोळ्याचं तर काय हुईना सर. उद्या कुठं हिरीत पडली तर? घरात ऱ्हाईल, दिवसाचं काम करंल. शाळा बास."

हेडसर समजावत होते, तो ऐकत नव्हता. मी दारातच उभी होते. दोघांनी माझ्याकडं पाहिलं.

"शाळा दिवसाच भरती, दादा," मी म्हणाले.

"आँ?"

"शाळा दिवसाच भरती. तिला दिवसा तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त दिसतं. अडचण हाय ती मावळतीच्या रस्त्याची. तेवढ्यासाठी दाखला कशाला काढता?"

"मग रस्त्याचं काय करू? मेंढरं सोडून रोज फाट्यावर येऊ?"

"माझं घर शाळेच्या मागं हाय. मालक गेल्यापासनं मी एकटी. ल्योक पुण्याला. सोमवार ते शनिवार माझ्याकडं राहू द्या. शनिवारी सकाळची शाळा असती, दुपारी उन्हात घरी जाईल."

एवढं सलग मी कुठल्याही परक्या पुरुषाशी बोलले नव्हते. हेडसर हातातला पेन तसाच धरून बसले होते. बाप म्हणाला, "तुमाला तरास."

"मला शेवग्याचं झाड हाय," मी म्हणाले. का म्हणाले ते मला माहीत नाही. हेडसर हसले आणि मग तोही थोडा हसला. दाखल्याचा अर्ज त्यानं घडी करून खिशात ठेवला.

दोन दिवसांनी तो तिला आणि तिचं अंथरूण घेऊन माझ्या दारात आला. जाताना एकच म्हणाला, "दिवस मावळला की भाईर सोडू नका."

अंकिता दहावीपर्यंत माझ्याकडं राहिली. आता ती सोलापूरला वसतिगृहात राहून शिकते. दर वर्षी डोळे तपासतात. डॉक्टर म्हणतात, आहे तसं आहे. पुढं काय होईल ते कुणी सांगत नाही.

पण आली तेव्हा पहिले आठ दिवस ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मी शपथ मोडली याचा राग. वाढलं की जेवायची, अभ्यास करायची, भिंतीकडं तोंड करून निजायची. डावा हात प्लास्टरमध्ये गळ्यात बांधलेला, तरी घरात असली की उजव्यानं सगळ्याला हात लावत फिरायची. उंबरा, कोनाडा, रांजण, पाट्याची जागा. मला वाटायचं, कंटाळली आहे, उगाच चाळे करते.

नवव्या दिवशी संध्याकाळी मी भाकरी थापत होते आणि लाइट गेली. चूल नुकती विझवून मी गॅसवर तवा ठेवला होता, गॅस बंद करायला गेले तर तव्याला हात भाजला. मी गॅस कसाबसा बंद केला आणि उठले. काहीच दिसेना. माझ्याच घरात मला कळेना, दार कुठं आणि फळी कुठं.

"मावशी, हलू नका," अंधारातून आवाज आला. "पाटा हाय तुमच्या पुढं. पडताल."

मी थांबले. तिची पावलं ऐकू येत होती. कुठं अडखळली नाही, कशाला धक्का लागला नाही. फळीवरचा डबा काढल्याचा आवाज झाला. मग तिचं बोट माझ्या दंडाला लागलं, हातापर्यंत खाली आलं, आणि तिनं माझ्या हातात मेणबत्ती आणि काडेपेटी ठेवली.

"काडी तुमी ओढा," ती म्हणाली. "माझा एक हात गुंतलाय."